मुंगूस, लोहचुंबक आणि दाबलेलं पाणी

एका जंगलात एक ओढा होता. होता म्हणजे, ही गोष्ट सुरू व्हायच्या जरा आधीपर्यंत होता. तो जागच्या जागी वाहत राहिला असता तर मी तुम्हाला काय कपाळ सांगितलं असतं?

तर मुलांनो, मांडी घालून बसा. गोष्ट शास्त्राची आहे. शास्त्राच्या गोष्टीत मध्येमध्ये बोलायचं नसतं. उत्तर येत असलं तर अजिबातच बोलायचं नसतं.

त्या जंगलाचा राजा होता एक वाघ. वाघोजीमहाराज. वाघाला पाण्यात डुंबायची भारी हौस असते. उन्हाळा लागला की महाराज ओढ्यात जाऊन बसत. पण ओढा पडला उथळ. पोट बुडालं की पाठ उघडी राहायची, आणि पाठ बुडवावी तर चारही पाय वर. राजाचे चारही पाय आभाळाकडे, हे प्रजेनं पाहणं बरं नव्हे. म्हणून महाराजांनी वरच्या अंगाला ओढ्यावर बांध घातला आणि ऐसपैस तळं करून घेतलं. त्याचं नाव वाघसागर.

वरच्या रानात आनंदीआनंद झाला. खालच्या रानात ओढ्याचे गोटे तेवढे शिल्लक राहिले, आणि वाघसागराला तोंड लावायची खालच्यांना बंदी झाली.

आणि काय सांगू, थोड्याच दिवसांत खालच्या रानात एक रोग आला. मोठा चमत्कारिक रोग. तोंडाला कोरड पडायची. डोळे खोल जायचे. उठून उभं राहिलं की भोवळ यायची. लघवी व्हायची नाही, आणि झालीच तर चार थेंब, काढ्यासारखी गडद. ससे पटापट आडवे झाले. भेकरं बसली ती उठेनात.

काय म्हणालात? तहान?

गप्प बसा. डॉक्टर आहात का तुम्ही? दरबारातल्या भल्याभल्यांना जे सुचलं नाही ते तुम्हाला बरं सुचतं! ऐका पुढे.

महाराजांचा प्रधान होता एक बगळा. धवलपंत. हा एका पायावर उभा राहून, डोळे मिटून, राज्याचा विचार करायचा. विचार नेहमी वाघसागरातच उभं राहून करायचा, कारण मासे तिथे होते.

खालच्या रानातले सांबरआजोबा धडपडत, थांबत-थांबत वर आले. म्हणाले, "महाराज, आमचा ओढा..."

"ओढ्याचं नाव काढू नका," धवलपंत डोळे न उघडता म्हणाला. "तुम्ही रोगी. रोग्यानं लक्षणं सांगावीत. कारण सांगू नये. कारण शोधणं हे शास्त्राचं काम."

"अहो पण पंत, पाणी..."

"पुरावा आहे?"

सांबरआजोबांनी जीभ बाहेर काढून दाखवली. पार चामडं झालं होतं तिचं.

"ही जीभ झाली," धवलपंत म्हणाला. "मी पुरावा म्हटलं."

महाराज तळ्यात गळ्यापर्यंत बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला. "पंत, रोग कसला आहे त्याचा छडा लागलाच पाहिजे. खर्चाकडे पाहू नका. प्रजा म्हणजे मला लेकरांसारखी." एवढं बोलून त्यांनी बुडी मारली.

मग छडा लावायला बोलावून आणलं रघुत्तमला.

रघुत्तम म्हणजे एक मुंगूस. खालच्याच रानातला. बाप सापाशी झुंजताना गेला, तेव्हा हा एवढासा होता. आई गोदाक्का हिनं एकटीनं त्याला वाढवलं. पोरगं हुशार निघालं. शिकत शिकत परमुलखातल्या अरण्यात गेलं आणि तिथे एक अजब विद्या शिकून आलं. कुणाची लघवी, कुणाचं रक्त, कुणाची लाळ घ्यायची, मोठ्या थोरल्या लोहचुंबकाच्या पोटात ठेवायची आणि तिच्यात कोणकोणते पदार्थ आहेत ते एकेक ओळखून काढायचे. अंगात काय शिजतंय, काय करपतंय, सगळं बाहेरून कळतं म्हणे.

खालच्या रानाची छाती अभिमानानं फुगली. "आपला रघ्या आला! आता काय काळजी नाही!"

आता खरं सांगू? रघुत्तम गावी येताना ओढ्यातूनच आला. पाय भिजले नाहीत. तिथेच त्याला सगळं कळलं. तो मूर्ख नव्हता हो. मूर्खांची गोष्ट मी तुम्हाला कशाला सांगेन?

पण त्याच्या मनात आलं, 'नुसतं "पाणी सोडा" म्हणायला एवढं शिकायची काय गरज होती? ते तर सांबरआजोबाही म्हणतात. त्यांचं कोण ऐकतं? आधी ते लोहचुंबकाचं यंत्र येऊ दे. मग यंत्राचा कागद दाखवून, पुराव्यानिशी सांगू. पुराव्यापुढे वाघाचंसुद्धा काही चालणार नाही.'

विचार चांगलाच होता. पुष्कळ वाईट गोष्टींची सुरुवात अशीच होते.

यंत्र आलं. गव्याहून उंच, पोलादी, गुळगुळीत पिंप. त्याच्या पोटात लोहचुंबक. तो इतका गारठवलेला, की नुसतं ऐकून महाराजांना दुलई मागवावीशी वाटली. आणि ओढ तर अशी की विचारू नका. तरसबाबा म्हणून एक बैरागी यंत्राचं दर्शन घ्यायला आला. त्याच्या हातात लोखंडी चिमटा. दारातून आत पाऊल टाकलं मात्र, चिमटा हातातून सुटला, भिर्रर्र उडाला आणि पिंपाला जाऊन चिकटला. सगळे मिळून ओढत होते तरी सुटेना. तरसबाबानं तिथेच लोटांगण घातलं. तेव्हापासून यंत्र जागृत आहे असं सगळ्या रानात झालं.

धवलपंतानं रघुत्तमला विचारलं, "हे चालतं कसं? मला कळेल असं सांगा. म्हणजे थोडक्यात."

रघुत्तम खुलला. विद्येबद्दल कुणी विचारलं की तो खुलायचा. "पंत, पदार्थाचे कण लोहचुंबकात ठेवले की शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहतात. मग त्यांना रेडिओच्या लहरीची टिचकी मारायची. टिचकी बसली की प्रत्येक पदार्थ आपापल्या सुरात कुरकुरतो. ती कुरकुर कागदावर उमटते, शिखरांसारखी. ह्या जागी शिखर आलं तर क्रिएटिनिन, म्हणजे अंगातून रोज तेवढाच पडणारा कचरा, त्या जागी आलं तर सायट्रेट. एकेकाची जागा ठरलेली."

"आणि जागा मोजायची कुठून?"

"त्याला एक ओळखीचा पदार्थ आपण वरून घालतो. तो कुणात मिसळत नाही, काही करत नाही. नुसता शून्यावर उभा राहतो. बाकी सगळ्यांची जागा त्याच्यापासून मोजायची."

"म्हणजे महाराजच की!" धवलपंताला एकदम पटलं. "पुढे?"

"पुढे एकच भानगड आहे. पाण्याची."

धवलपंतानं दुसरा पाय खाली टेकला. असं तो क्वचितच करायचा.

"लघवी म्हणजे बहुतेक पाणीच," रघुत्तम म्हणाला. "यंत्रात पाण्याचा आवाज इतका मोठा येतो, की त्याच्यापुढे बाकी कुणाचं काही ऐकूच येत नाही. म्हणून सगळ्यात आधी पाण्याचा आवाज दाबायचा. पहिली पायरीच ती. जगात सगळीकडे असंच करतात."

"थांबा, थांबा. पाण्याचा आवाज दाबता येतो?"

"अगदी सपाट करता येतो."

"शास्त्रानं?"

"हो, शास्त्रानं."

"आणि मग कागदावर काय राहतं?"

"पाणी सोडून सगळं."

धवलपंतानं डोळे मिटले. त्याच्या चोचीवर असं समाधान पसरलं, की जवळचे दोन मासे घाबरून खोल गेले. "रघुत्तमराव," तो म्हणाला, "ह्या शास्त्राची ह्या राज्याला फार दिवस गरज होती."

रघुत्तमला वाटलं, आपलं कौतुक झालं.

दुसऱ्या दिवसापासून नमुने घ्यायला सुरुवात झाली. आणि पहिल्याच पावलाला ठेच लागली. खालच्या रानातून रोगी आले, नमुन्याचं भांडं घेऊन झुडपामागे गेले, आणि तिकडेच राहिले. सांबरआजोबा तर सकाळचे गेलेले दुपारी भांडं घेऊन परत आले. भांडं कोरडं.

"डॉक्टर," ते ओशाळून म्हणाले, "लाजिरवाणं आहे, पण होत नाही हो. आत काही असेल तर बाहेर येईल ना."

रघुत्तमनं धवलपंताला निरोप धाडला. नमुना पाहिजे असेल तर रोग्याला तासाभर आधी पळसाच्या पानाचा द्रोण भरून पाणी द्यावं लागेल.

धवलपंत कुरकुरला. पण त्यानं परवानगी दिली. बजावलं मात्र स्वच्छ, की हे पाणी पिण्यासाठी नाही. हे पाणी शास्त्रासाठी आहे. त्याला नमुनाजल म्हणावं.

मग काय! रोग्यांनी द्रोणभर नमुनाजल घ्यायचं, यंत्राच्या आवारात करंजाच्या झाडाखाली बसायचं, तासाभरानं भांड्यात नमुना द्यायचा आणि घरी जायचं. आणि मुलांनो, घरी जाताना ते टुणटुणीत असायचे! डोळ्यांत तेज यायचं. भोवळ गेलेली असायची. जो चौघांच्या आधारानं आला तो उड्या मारत गेला.

"यंत्राचा गुण!" तरसबाबा ओरडला. "जागृत आहे! जागृत आहे!"

यंत्राजवळ कुणी गेलंसुद्धा नव्हतं. यंत्रात गेली होती त्यांची लघवी. पण श्रद्धेला असल्या बारीक गोष्टी दिसत नाहीत. रांगा लागल्या. सशिणी नवस बोलू लागल्या. ज्यांची तपासणी झाली ते दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. म्हणे, "डॉक्टर, आणखी एकदा तपासा. कालच्या तपासणीनं फार बरं वाटलं."

काय म्हणता? पाण्यानं बरं वाटलं?

पुन्हा बोललात! तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला दरबारात पाठवायचा विचार असेल तर सोडून द्यावा.

एके दिवशी त्या रांगेत गोदाक्का आली. रघुत्तमची आई. वाळून काटकी झाली होती, पण लेकाला बघायला तोंड धुवून यावं तशी शेपटी चाटूनपुसून आली होती. रघुत्तमनं स्वतःच्या हातानं तिला द्रोण दिला. तिनं तो एका दमात संपवला आणि पान चाटलं.

"रघ्या," ती म्हणाली, "गोड लागलं रे. हे आपल्या ओढ्याचंच ना? चव ओळखली मी."

रघुत्तमनं मान दुसरीकडे वळवली.

"मग बांध फोडा म्हणावं की. एवढं यंत्र कशाला हवं?"

"आई, तसं नसतं. पुरावा लागतो."

"मला तहान लागली होती, हा पुरावा नव्हे?"

"तो झाला तुझा अनुभव."

गोदाक्का हसली. "बरं बाबा. तू शिकलेला. पण लवकर सांग हो त्यांना. माझं एक सोड. शेजारच्या सशिणीची पिल्लं अगदीच मऊ आहेत."

"सांगतो आई. ह्या पंधरवड्यात शिखरं घेऊन दरबारात जातोच."

आणि तो खरंच गेला. धाडस करून गेला, हेही सांगितलं पाहिजे. एका हातात खालच्या रानाचे कागद, दुसऱ्या हातात वरच्या रानाचे. वरच्या रानातून खुद्द महाराजांचा नमुना होता. तो मिळवताना काय काय झालं, ते मी लहान मुलांना सांगणार नाही.

कागद उलगडले. खालच्या रानाची शिखरं, नमुनाजल पिऊनसुद्धा, उंचच उंच. क्रिएटिनिन ताडासारखं. महाराजांचा कागद मात्र जवळजवळ सपाट. महाराज दिवसभर तळ्यात बसून पाणी प्यायचे, मग लघवी पाण्यासारखी होणार नाही तर काय?

मग धवलपंतानं तोंड उघडलं. "पाहा! महाराजांच्या पोटात काही नाही. निर्मळ! आणि हे खालचे! प्रत्येक पदार्थ महाराजांच्या कैक पट. एवढं सगळं अंगात साठवून ठेवलंय आणि वर आमच्याकडे टंचाईच्या तक्रारी घेऊन येतात! चोर लेकाचे!"

"अहो पंत, तसं नाही," रघुत्तम घाईनं म्हणाला. "शिखरं उंच आहेत कारण लघवी घट्ट आहे. आणि घट्ट आहे कारण अंगात पा..."

"घट्ट आणि पातळ," धवलपंत मध्येच म्हणाला. "तुमच्या एवढ्या मोठ्या शास्त्रात घट्ट-पातळाला काही उपाय नाही का?"

उपाय होता. आणि खोटं बोलणं रघुत्तमच्या विद्येत बसत नव्हतं. "आहे. प्रत्येकाचं क्रिएटिनिन बघायचं आणि बाकी सगळ्याला त्यानं भागायचं. म्हणजे कुणाच्या अंगात पाणी किती, तो फरक निघून जातो."

"मग भागा."

"पण पंत..."

"सगळीकडे असंच करतात ना?"

"करतात."

"भागा."

रघुत्तमनं भागलं. आणि काय चमत्कार! ताडासारखी शिखरं खाली बसली, महाराजांची सपाट शिखरं वर आली, आणि सगळे कागद एकसारखे दिसू लागले. जसा राजा तशी प्रजा. फरक शून्य.

"रोग नाही!" धवलपंत गरजला. "शास्त्रानं सिद्ध झालं! खालच्या रानात रोगच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी आनंदानं तळ्यात शेपटी आपटली. सगळ्या दरबाराच्या अंगावर पाणी उडालं. रघुत्तमच्या तोंडात शब्द होता, तो त्या पाण्याबरोबर त्यानं गिळला.

धवलपंत त्याच्या जवळ सरकला. आवाज मधाळ. "रघुत्तमराव, महाराज खूश आहेत. याच्या दुप्पट ताकदीचा लोहचुंबक आणायचं चाललंय. तो परमुलखातसुद्धा कुणाकडे नाही. तुमच्या नावानं आणू."

दुप्पट ताकदीचा! रघुत्तमच्या मिशा थरथरल्या. एकात एक मिसळलेली शिखरं त्याच्यात सुटी सुटी दिसली असती. कुणी न ओळखलेले पदार्थ त्यानं ओळखले असते. मुलांनो, हसू नका. तुम्हाला आवडती गोष्ट दुप्पट देतो असं कुणी म्हणालं तर तुमच्याही मिशा थरथरतील.

"फक्त एक," धवलपंत म्हणाला. "रोग नाही म्हटल्यावर ते नमुनाजल कशाला? आणि ऐकतो की त्या पाण्यानं नमुने पातळ होतात. खरं का?"

खरं होतं. पातळ नमुन्यात शिखरं बुटकी यायची. काही तर दिसायचीच नाहीत. रघुत्तमला स्वतःलाच त्याचा वैताग यायचा.

त्यानं मनाशी म्हटलं, 'नवा चुंबक आला की पुरावा पक्का होईल. मग एका झटक्यात सगळं सांगू. तोवर थोडी कळ काढावी लागेल, इतकंच.' आणि नमुनाजल बंद करायच्या हुकुमावर त्यानं पंजा उमटवला. कळ कुणी काढायची, हे हुकुमात लिहिलेलं नव्हतं.

नमुनाजल बंद झालं. यंत्राचा गुणही बंद झाला. तरसबाबानं जाहीर केलं की कुणीतरी विटाळ केला असावा. रांगा विरळ होत गेल्या. आधी सशिणी यायच्या थांबल्या. सांबरआजोबा एक दिवस ओढ्याच्या गोट्यांत बसले ते तिथेच राहिले.

मग पुन्हा गोदाक्का आली.

त्या दिवशी दरबारात रघुत्तमचा सत्कार होता. तो नळ्या धुण्यात गढला होता. नमुना ठेवायच्या काचेच्या बारीक नळ्या, पेन्सिलीहूनही बारीक. त्या वाघसागराच्या पाण्यानं तीनतीनदा धुवाव्या लागत. नाहीतर आधीच्या नमुन्याचा अंश राहतो आणि भलतंच शिखर दिसतं.

गोदाक्का दारात टेकली. आवाज असा की कान दिल्याशिवाय ऐकू येऊ नये. "रघ्या, द्रोणभर दे रे."

"आई, आता बंद आहे ते. हुकूम आहे."

"कुणाचा?"

रघुत्तमनं पुढची नळी धुवायला घेतली.

गोदाक्का नळ्यांकडे बघत राहिली. पाणी आत जात होतं, बाहेर सांडत होतं. "त्या नळ्यांना तहान लागते का रे?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

हातातलं पाण्याचं भांडं रघुत्तम तिच्या तोंडाशी नेणार, इतक्यात दारात पांढरी सावली पडली. धवलपंत. सत्काराला न्यायला स्वतः आला होता.

"वा!" धवलपंत म्हणाला. "मातोश्री! नमुना द्यायला आल्यात ना? घ्या, घ्या. घरच्यांना सवलत दिली असं मात्र कुणी म्हणायला नको, काय?"

रघुत्तमनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि नमुन्याचं भांडं उचललं. "आई, एवढा नमुना दे. करंजाखाली सावलीत बस. मी गेलो तसा आलो. येताना तुला पाणी घेऊनच येतो. शपथ."

गोदाक्कानं नमुना दिला. लेकानं मागितलं आणि आईनं दिलं नाही, असं होतं का? कसेबसे थेंब होते. काळे म्हणावेत असे. रघुत्तमनं घाईघाईनं ते यंत्रात घातले, आणि कागद बाहेर आला. अशी शिखरं त्यानं जन्मात पाहिली नव्हती. उंच, टोकदार, स्वच्छ. एकही लपलेलं नाही. तो कागद त्यानं काखेत मारला आणि दरबारात गेला.

दरबारात कागद हातोहात फिरला. महाराज म्हणाले, "सुंदर! हा कुणाचा?"

"खालच्या रानातलीच एक म्हातारी आहे," रघुत्तम म्हणाला.

सत्कार लांबला. सत्कार लांबतातच. भाषणं झाली. गळ्यात पट्टा घातला. शेवटी महाराज म्हणाले, "डॉक्टर, या असे. मानाचं स्नान करा आमच्या शेजारी." वाघसागरात वाघाशेजारी स्नान म्हणजे राज्यातला सर्वांत मोठा मान. नाही कसं म्हणणार? बगळा जिथे गुडघाभर उभा राहतो तिथे मुंगूस गळ्याइतका बुडतो. रघुत्तम गळ्याइतका बुडून बसला. डोळे सारखे मावळतीकडे. महाराज त्याला आपल्या शिकारीच्या गोष्टी सांगत होते. राजाची गोष्ट संपल्याशिवाय उठायचं नसतं.

ऊन उतरल्यावर सुटका झाली. पाणी न्यायला भांडं मागायचं त्याला सुचलं नाही, की धीर झाला नाही, कुणास ठाऊक. तो पळत सुटला. अंगातून पाणी निथळत होतं.

गोदाक्का करंजाखाली बसलेली होती. मान एका बाजूला कललेली. डोळे वाटेकडे.

"आई, पाणी," रघुत्तम म्हणाला. तिच्यापुढे बसला आणि स्वतःची ओली शेपटी दोन्ही हातांनी पिळून तिच्या ओठांवर धरली. थेंब पडले. हनुवटीवरून ओघळून खाली गेले. त्यानं पुन्हा पिळली. पुन्हा पिळली. शेपटी कोरडी झाली तरी तो पिळतच होता, आणि ढसाढसा रडत होता. रडण्याचं पाणीही तिच्या काही उपयोगाचं नव्हतं.

आता चुळबूळ करू नका. संपतच आलीय गोष्ट.

तिसऱ्या दिवशी सकाळी रघुत्तम यंत्रापाशी गेला. आईची नळी तशीच होती. ती त्यानं पुन्हा आत ठेवली. पण या वेळी पहिली पायरी केली नाही. पाण्याचा आवाज दाबला नाही. म्हणाला, एकदा ऐकू तर दे.

कागद सरकत आला. त्या काळ्या थेंबांतसुद्धा, तहानेनं मेलेल्या जिवाच्या शेवटच्या थेंबांतसुद्धा, पाण्याचं शिखर असं उठलं की कागदाच्या बाहेर गेलं. बाकी सगळं त्याच्या पायाशी, दिसे न दिसेसं. क्रिएटिनिन नाही, सायट्रेट नाही. एकच गोष्ट होती आणि ती कुणालाही वाचता आली असती. मागच्या रांगेतल्या पोरालासुद्धा.

रघुत्तमनं कागद छातीशी धरला. आता जातो, म्हणाला. असाच दरबारात जातो आणि महाराजांच्या तोंडावर धरतो.

तो वळला तर दारात धवलपंत. दुःखी चेहऱ्यानं एका पायावर.

"फार वाईट झालं," धवलपंत म्हणाला. "महाराजांचा जीव तुटला. त्यांनी स्वतः ठरवलंय, मातोश्रींच्या स्मरणार्थ खालच्या रानात पाणपोई बांधायची. संगमरवरी. वर ठळक अक्षरांत नाव. आणि दुप्पट ताकदीचा चुंबक निघालाय तिकडून. वाटेत आहे."

रघुत्तमनं कागद छातीशी आणखी घट्ट धरला.

"हातात काय आहे ते?"

"पाणी," रघुत्तम म्हणाला.

धवलपंतानं कागदाकडे पाहिलं. मग अगदी मायेनं म्हणाला, "गडबडीत पहिली पायरी राहिली वाटतं. होतं असं, दुःखात. दाबा."

रघुत्तमनं यंत्राकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. दारापलीकडे करंजाचं झाड होतं.

मग त्यानं दाबलं.

पाणी सपाट झालं. आणि मागून एकेक करत बारीक शिखरं वर आली. काय सुरेख दिसत होती म्हणून सांगू! ती आज परमुलखातल्या अरण्यांत शिकवतात.

पाणपोईही झाली. बोलल्याप्रमाणे संगमरवरी झाली, उद्घाटन महाराजांच्या हस्ते झालं. खालच्या रानात जे कुणी उरलेत ते दुपारच्या वेळी तिथे येतात, वरचं नाव वाचतात आणि थोडा वेळ गार दगड चाटून परत जातात. पाणी अजून यायचंय. तहान आहे की नाही, याचा आधी अभ्यास चालू आहे.

तात्पर्य: सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यांनाच दिसते, ती सांगण्यात कसली आलीय विद्वत्ता? शहाण्यानं ती आधी दाबावी, म्हणजे मग बारीकसारीक फार छान दिसतं. आणि मुलांनो, दाबताना नजर दाराकडे गेली तर घाबरू नये. आईच्या नावानं पाणपोई बांधून मिळते.